दिलेली पावडर परत मागणारे रंगनाथमामा

रंगनाथमामा गल्लीत शिरले की ते दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. कुबट, जरासा गोडसर, नाकात चिकटून राहणारा. मी लग्न होऊन पैठणहून औरंगाबादला आले तेव्हा सासूबाईंनी गल्लीतली माणसं एकेक करून ओळखीची करून दिली, पण मामांची ओळख मला त्या वासानंच झाली. सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. एकाएकी मान वर करून म्हणाल्या, "रंगनाथ आला वाटतं." मग कोपऱ्यावरून सायकल आली. मागं बांधलेला फवारणीचा पंप, खाकी सदरा, आणि भुवयांवर पांढरी धूळ. पिठाच्या गिरणीतून माणूस बाहेर यावा तशी.

मामा फवारणीच्या सरकारी खात्यात होते. मूळचे पिशोरचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, हळूहळू नवी खाती निघाली. डासांसाठी घरोघरच्या भिंतींवर औषध मारायला माणसं हवी होती, त्यात ते लागले. ही नोकरी त्यांना कलेक्टरच्या नोकरीपेक्षा मोठी वाटायची, आणि त्याला कारण होतं. त्यांची आई हिवतापानं गेली होती. थंडी वाजून येते म्हणून अंगावर घरातली सगळी पांघरुणं टाकली, वर गोणपाट टाकलं, तरी तिची हुडहुडी थांबली नव्हती. हे सांगताना मामा नेहमी गोणपाटापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "तवा ही पावडर असती ना, तर माझी माय आज बसून दळण दळत असती."

ती पावडर म्हणजे नेमकं काय हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. खात्यात दोन-तीन प्रकारच्या पावडरी यायच्या. आम्ही सगळ्यांनाच डीडीटी म्हणायचो. मामा रोज कामावरून येताना थोडी घेऊन यायचे आणि वाटायचे. विकायचे नाहीत. पावडरीपायी त्यांनी कुणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन घ्यायचे, मधे मूठभर पावडर टाकायचे, चारी टोकं दुमडून दोऱ्यानं अशी सुबक पुडी बांधायचे, की एखाद्या देवळातला अंगारा वाटावा. पुडी पुढं करताना म्हणायचे, "घ्या, घरचंच हाय." त्यांची बायको गंगूमामी आतून ओरडायची, "व्हय, घरचंच! सरकारच्या जिवावर दानशूर झालाय बाप्या." मामा हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांना आपलं वाटायचं, आणि आपल्या घराला काही द्यायला त्यांच्यापाशी ती पावडरच होती.

मलाही मिळाली. माझ्या माहेरून आलेल्या पलंगाच्या फटींत ढेकूण निघाले, आणि नव्या सुनेच्या पलंगात ढेकूण ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. सासूबाईंनी हळूच मामांच्या कानावर घातलं. मामा स्वतः आले, पलंग उलटा केला, फटीफटीत पावडर भरली, गादीखाली भुरभुरली आणि म्हणाले, "आता बिनघोर झोपा, सूनबाई." आणि खरंच, झोपले मी. त्या वेळी देवमाणूस वाटले मला ते. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागले तेव्हा शाळेच्या कपाटातल्या वाळवीसाठीही त्यांच्याकडूनच पुडी नेली.

गव्हाच्या कोठीत सोंडे होऊ नयेत म्हणून गल्लीभर बायका ती पावडर गव्हात कालवायच्या. दळायच्या आधी गहू पाखडायचे, फार तर धुऊन वाळवायचे, की झालं. उतरंडीच्या मडक्यांमागं, चुलीजवळच्या फळीवर, बाळंतिणीच्या बाजेखाली, सगळीकडं ती पांढरी रेघ असायची. एकदा शेजारच्या आळीत लग्न होतं. आचाऱ्याच्या कोठीत माश्यांचा नुसता थवा. मामा वऱ्हाडी म्हणून गेले होते, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. तसेच उठले, घरी जाऊन पंप घेऊन आले आणि बुंदीच्या कढयांभोवती फवारून मोकळे झाले. माश्या पटापट पडल्या. आचाऱ्यानं वरून फडकं मारलं, बुंदी चाळली आणि लाडू वळले. नवऱ्या मुलीच्या बापानं मामांना फेटा बांधला. आम्ही सगळ्यांनी ते लाडू खाल्ले आणि मामांचं कौतुकही केलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून खैरुनआपांचं घर. त्यांचे मालक गफूरभाई पत्र्याच्या पेट्या करायचे. लग्नाच्या पेट्या, फुलं रंगवलेल्या. दिवसभर हातोडीचा आवाज. गफूरभाई कमी बोलणारे आणि खैरुनआपांच्या तोंडाला खंड नाही. माझ्याशी मराठीत सुरू करायच्या आणि दुसऱ्या वाक्याला आपल्या बोलीवर जायच्या. त्यांची धाकटी नजमा नुकती शाळेत जायला लागली होती. केस कमरेपर्यंत, दाट. मामांची ती फार लाडकी. मामांची सायकल आली की ही धावत जाऊन मागच्या कॅरिअरला लोंबकळायची.

ईद जवळ आली होती. नजमाच्या डोक्यात उवा झाल्या. आपा फणी घेऊन बसायच्या तर पोरगी पळून जायची. आपांनी मामांना विचारलं. मी तेव्हा ओट्यावरच होते, म्हणून ते बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

"मामू, इसके सिर में जुवां लई हो गये. तुमची पावडर चालंल का?"

"न चालायला काय झालं? ढेकूण मरतो, ऊ मरणार नाय? खोबरेल तेलात चांगली कालवा. केसाच्या मुळाला चोळा. वरून फडकं घट्ट बांधा आन् दोन-चार घंटे राहू द्या. मग धुवा. एक राहिली तर माझं नाव बदला."

त्यांनी पुडी बांधून दिली. नेहमीपेक्षा मोठी, कारण केस लांब होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आपांनी सकाळी न्हाणीत बसवून पोरीच्या डोक्याला ते चोळलं आणि जुन्या ओढणीनं बांधून टाकलं. दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तर पलीकडून आपांची किंकाळी आली. मी धावले. नजमा जमिनीवर पडली होती. हातपाय ताठ, मान मागं, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देत होतं. गफूरभाईंनी तिला उचललं, मी पाय धरले, टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तिला पुन्हा झटका आला. टांगेवाला घोड्याला मारत होता आणि रडतही होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ओढणी सोडली, डोक्याचा वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. नर्सला ओरडून कात्री मागवली. ते कमरेपर्यंतचे केस खाली पडले, मग डोकं साबणानं धुतलं, परत धुतलं. सुया टोचल्या. पोरगी शांत झाली, पण डोळे उघडेना. तेवढ्यात मामा आले. कुणीतरी निरोप दिला असणार. कामावरून सायकल दामटत तसेच आले होते, भुवया पांढऱ्या, सदरा पांढरा.

डॉक्टरीणबाई आपांना विचारत होत्या, "हे डोक्याला लावायला कुणी सांगितलं? कुठून आणलं?"

आपांनी वर पाहिलं. दारात मामा उभे. मी पाहिलं, आपांची नजर मामांवर गेली आणि परत खाली आली.

"बजार से लाये, बाई."

"कुणाकडून?"

"वो फेरीवाला बैठता ना. नाम नई मालूम."

मामांचं तोंड उघडलं होतं. काहीतरी म्हणणार होते. ओठ हलले. मग ते तसेच मिटले. डॉक्टरीणबाईंनी एकदाही मान वर केली नाही, नाहीतर मामांचा तो अवतार बघूनच त्यांना कळलं असतं. मामा दाराच्या चौकटीला टेकले, आणि थोड्या वेळानं मी पाहिलं तर तिथं नव्हते.

नजमा वाचली. त्या संध्याकाळी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पण पुढं कितीतरी महिने ती मधेच दचकायची, हातातलं भांडं पडायचं, शाळेत पाढे विसरायची. भादरलेलं डोकं झाकायला आपा तिला सतत ओढणी बांधून ठेवायच्या. हळूहळू सगळं सुधारलं. पण ते सुधारणार आहे हे त्या दिवसांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मामा कामावर जाईनात. आजारी आहे म्हणून निरोप पाठवला. ओट्यावर दिसेनात. मग एका सकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

"सूनबाई, माझ्यासंगं दवाखान्यात चलता का? त्या डॉक्टरीणबाईशी बोलायचंय. साहेब लोकांपुढं माझी जीभ वळत नाय."

मी गेले. वाटेत ते सायकल हातात धरून चालत होते, पण बसले नाहीत. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर मी काही बोलायची वेळच आली नाही. मामा सरळ म्हणाले, "ती पावडर मी दिली. बजारातून नाय आणली. मी सरकारी खात्यातून आणली आन् मी दिली. आन् त्या दिवशी तुमी विचारलं तवा मी हितंच उभा होतो."

बाईंनी टेबलावरची वही पुढं ओढली. मला वाटलं, आता पोलिसांना बोलावतात. पण त्यांनी विचारलं, "आणखी कुणाकुणाला दिलीय?"

"समद्यांना."

"समद्यांना म्हणजे?"

"समद्या गल्लीला. शेजारच्या आळीला. पिशोरला भावाच्या घरी. बहिणीच्या घरी. जो मागंल त्याला."

"कशासाठी वापरतात?"

मामा सांगत गेले. गहू, गाद्या, उवा, माश्या. बुंदीची गोष्टही सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढं वाकावं लागलं. मग बाईंनी त्यांना बसवलं आणि सोप्या भाषेत समजावलं. ज्यानं उवा मरतात ते औषध पोरीच्या कातडीतूनही आत जातं. तेलात कालवलं की जास्त जातं. वरून बांधलं की आणखी जातं. गहू पाखडले म्हणून सगळं निघून जात नाही. भिंतीला मारायची गोष्ट भिंतीलाच मारायची, तीही भांडीकुंडी, धान्य बाहेर काढून. "वास गेला म्हणजे विष गेलं असं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि पोरींच्या, बायकांच्या अंगात ते साठत राहतं. आज दिसत नाही इतकंच."

मामांनी एकच विचारलं. "माझी मंडळी रोज माझा सदरा हातानं धुती. तिला?"

बाईंनी हळूच मान डोलावली. मामा उठले.

गंगूमामीच्या हातांना कायम भेगा असायच्या, त्वचा सोलल्यासारखी. धुण्याच्या सोड्यानं होतं, असं ती म्हणायची. त्या दिवसापासून मामांनी खाकी कपडे घरात आणले नाहीत. कामाच्या ठिकाणी नळावर स्वतः धुवायचे, वेगळ्या फडक्यात बांधून ठेवायचे, अंघोळ करून मगच घरी यायचे. बाप्या माणूस आपले कपडे बडवतो म्हणून खात्यातले लोक हसले. मामांनी लक्ष दिलं नाही. आता ते गल्लीत आले तरी वास यायचा नाही. सासूबाईंना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यांना शिक्षा हवी होती, आणि ती त्यांना कुणी देईना. खात्यातल्या साहेबांकडं ते आपण होऊन गेले. म्हणाले, मी इतकी वर्षं पावडर घरी नेली, वाटली, एक पोरगी मरता मरता वाचली. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "रंगनाथ, हे मला सांगितलंस, आणखी कुणाला सांगू नको. अरे, आमच्या मंडळींनी तुझ्याकडूनच नेलीय की गव्हाला!" आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. हे मामांनीच मला सांगितलं. वर म्हणाले, "तो चहा मला उतरंना, बाई." तोवर त्यांनी मला सूनबाई म्हणणं सोडून बाई म्हणायला सुरुवात केली होती, शाळेतल्या बाई म्हणून. जणू नात्यानं हाक मारायचा हक्क आपल्याला उरला नाही.

खैरुनआपांकडं ते गेले तेव्हा मीही तिथं होते. मामा उंबऱ्याबाहेर बसले. आपांनी आत बोलावलं, आले नाहीत.

"आपा, तुमी माझं नाव का नाय घेतलं?"

"नाम लेके क्या होता था? तुमारी नौकरी जाती थी."

"जाऊ द्यायची."

"और गंगू क्या खाती? नक्को बोलो अब." आपांनी डोळे पुसले. "तुमने जान के दिया क्या?"

"जाणून नाय दिलं. पण जाणून गप्प बसलो."

आत हातोडीचा आवाज चालू होता. तो थांबला नाही. गफूरभाई बाहेर आले नाहीत.

मग मामा परत मागायला निघाले.

रोज संध्याकाळी, अंघोळ करून, हातात डबा घेऊन. एकेका दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी दिलेली पावडर परत द्या." मला वाटलं होतं, नजमाचं ऐकून लोक आपण होऊन आणून देतील. कुणी दिली नाही. लोकांना ती पावडर प्राणाहून प्यारी होती. ढेकूण नव्हते, गव्हात सोंडे नव्हते, घर कसं निवांत होतं. कुणी म्हणायचं, संपली. कुणी म्हणायचं, तुम्ही कधी दिलीत? कुणी म्हणायचं, पोरीच्या डोक्याला लावायची गोष्ट होती का ती, आपाचंच चुकलं. हे शेवटचं कुणी म्हणालं की मामा ताडकन म्हणायचे, "आपाचं नाय. मी सांगितलं तसंच तिनं केलं." प्रत्येक दारात ते ही गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. तेलात कालवा म्हणालो. फडकं बांधा म्हणालो. डॉक्टरनं विचारलं तवा गप बसलो. ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. काही घरांनी तर त्यांची चाहूल लागली की दार लावून घ्यायला सुरुवात केली.

आमच्या घरी आले तेव्हा सासूबाई चिडल्या. "रंगनाथ, दिलेलं कुणी परत मागतं का? लाज नाही वाटत?"

"लाज वाटती म्हूनच आलो, वैनी."

सासूबाईंनी फळीवरची एक पुडी काढून दिली. मामा गेले नाहीत. म्हणाले, "कोठीमागं बरणीत ठिवलेली पण द्या. मीच भरून दिली होती." सासूबाईंचा चेहरा उतरला. बरणी मी आणून दिली. मामांनी ती बरणीसकट नेली. लोणच्याची बरणी होती ती.

नुसतं मागून मिळत नाही हे ध्यानात आल्यावर मामांनी दुसरा मार्ग धरला. ढेकणांसाठी नेलेली पावडर परत देणाऱ्याच्या घरी ते स्वतः जायचे, पलंग अंगणात काढायचे, चुलीवर पाणी खळखळ उकळून फटीफटीत ओतायचे आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवायला लावायचे. ढेकूण पुन्हा झाले तर पुन्हा जायचे. गहू उन्हात तापवून, गार करून, वाळल्या कडुलिंबाचा पाला घालून कोठ्या भरून द्यायचे. धान्याला एरंडेलाचा हात कसा फिरवायचा हे त्यांनी पिशोरच्या बहिणीकडून शिकून घेतलं. बारीक दातांच्या लाकडी फण्या आणून पोरींच्या आयांना दिल्या. ही कामं पुडी बांधण्याइतकी सोपी नव्हती. माणूस घामाघूम व्हायचा. उन्हात ठेवलेल्या पलंगापाशी राखण करत बसलेले मामा मी कितीदा पाहिलेत.

घरात शिरले की त्यांचं लक्ष आता दुसरीकडंही जायचं. संडासासाठी आणलेलं ॲसिड सोड्याच्या बाटलीत भरून चुलीजवळ ठेवलेलं. उंदरांचं औषध पिठाच्या डब्याशेजारी. ते हातात घेऊन म्हणायचे, "हे पाण्यासारखं दिसतं. पोरानं उचललं तर?" मग ती बाटली उंच फळीवर, कडी लावून. त्यांना लिहिता जेमतेम यायचं. चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून द्या म्हणून माझ्याकडं यायचे. मराठीत लिहायला लावायचे आणि गफूरभाईंच्या थोरल्या मुलाकडून उर्दूत. न वाचता येणाऱ्यांसाठी खाली एक कवटी काढायला लावायचे. माझी कवटी नेहमी हसरी यायची. मामा गंभीरपणे म्हणायचे, "बाई, हिला जरा रागीट करा."

जमलेल्या पावडरीचं काय करायचं हा प्रश्नच होता. खात्याचा कोठीवाला परत घेईना. म्हणाला, हिशेबात सगळं बरोबर आहे, वरचं कुठं दाखवू? नाल्यात टाकायची नाही, मातीत पुरायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. डबे मामांच्या माडीवर साठत चालले. गंगूमामी रोज भांडायची. शेवटी एका दुपारी गफूरभाई मामांच्या दारात आले. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ते मामांशी एक शब्द बोलले नव्हते. खांद्यावर एक नवी पेटी होती. फुलं नव्हती रंगवलेली, नुसती काळी. खाली ठेवली, झाकण उघडून परत लावून दाखवलं. आत हवासुद्धा जाणार नाही असं बसत होतं.

"ढक्कन पक्का बिठाया," ते म्हणाले. "अब किसी के घर में नई जाना ये."

आणि गेले. मामा त्या पेटीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते, असं गंगूमामीनं सांगितलं. पुढं डॉक्टरीणबाईंनीच कुठंतरी शब्द टाकला, साहेब नरमले, आणि ती पेटी भरून खात्यात परत गेली.

मामांनी नोकरी सोडली नाही. फवारणी करत राहिले, पण आता धान्य, भांडी, पाळणे बाहेर काढल्याशिवाय पंपाला हात लावायचे नाहीत. बायका कुरकुरायच्या, "पूर्वी तर असं नव्हतं." मामा म्हणायचे, "पूर्वी मी गाढव होतो." हे ते गमतीनं म्हणत नसत, त्यामुळं कुणी हसत नसे.

नजमा मोठी झाली. केस पुन्हा वाढले, पहिल्यासारखे दाट नाही, पण वाढले. तिला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात केस काढावे लागले, एवढंच आपांनी तिला सांगितलं होतं. गल्लीत कुणी तिच्यापुढं बोललं नाही. अख्ख्या गल्लीला दारोदार जाऊन गोष्ट सांगणाऱ्या मामांना ती एकाच दारात सांगायची बंदी होती. नजमा त्यांच्यावर जीव टाकायची. शाळेचं बक्षीस आधी त्यांना दाखवायची, शीरखुर्म्याची पहिली वाटी त्यांच्याकडं घेऊन जायची. ती वाटी घेताना मामांची मान वर नसायची. तिला वाटायचं, मामू लाजतात.

तिचं लग्न ठरलं, परभणीचं स्थळ. त्या आठवड्यात मामा आपांकडं आले. निवृत्त झाले होते, थकले होते.

"आपा, पोरगी चालली. आता तरी तिला सांगू द्या. माझ्या तोंडानं सांगतो. मग ती माझ्यावर थुंकली तरी चालंल."

आपा पानदान उघडून बसल्या होत्या. त्यांनी पान लावणं थांबवलं नाही.

"मामू, उसकू सगा मामू नई है, मालूम ना तुमकू? मेरे कू भाई नई. उसकू एक मामू है, वो भी छीन लेते क्या?"

मामा तसेच उठून गेले.

निकाहच्या दिवशी गफूरभाईंनी मामांना हाताला धरून दस्तरख्वानावर नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. दोघांत काही बोलणं झालेलं मी पाहिलं नाही. ताटातलं मात्र दोघांनी संपवलं.

वऱ्हाड एसटीनं जाणार होतं. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. गर्दी, पेट्या, रडारड. नजमा खिडकीशी बसली होती, लाल ओढणी पुढं ओढलेली. सगळ्यांचं भेटून झालं आणि तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "मामू! दुआ नई देते?"

मामा मागं उभे होते. लोकांनी वाट करून दिली. ते खिडकीखाली गेले. नजमानं मान वाकवून डोकं त्यांच्यापुढं केलं. मामांनी उजवा हात उचलला. मग खाली घेतला आणि धोतराला पुसला. परत उचलला. तो तिच्या डोक्यापाशी गेला आणि तिथंच थांबला. कंडक्टरनं घंटी मारली. मामांनी हात मागं घेतला, दुसरा त्याला लावला, आणि त्या वाकलेल्या डोक्यापुढं दोन्ही हात जोडले.

नजमानं मान वर केली आणि डोळ्यांत पाणी असतानाच खळखळून हसली. "क्या मामू! मेरेकू हात जोडते?"

एसटी हलली. धुरळा उडाला. आपा पदरात तोंड घालून रडत होत्या, गफूरभाई त्यांना सावरत होते. मामा तसेच उभे होते, हात जोडून, गाडी कधीच वळणाआड गेली होती तरी. एक हमाल "बाजू, बाजू" म्हणत आला, आणि त्यांना वळसा घालून पुढं गेला.